आंबिया बहराचा उन्हाळा

मार्च लागला की आमच्या रामदासपेठेतल्या इमारतीत कूलर बाहेर निघतात. वर्षभर गच्चीवर उन्हापावसात पडलेले पत्र्याचे डबे खाली येतात, त्यांना रंगाचा हात मारला जातो, वाळून काळी पडलेली खस फेकून नवी भरली जाते. खिडकीखिडकीला ती घोंघावणारी धुडं लागली की नागपूरचा उन्हाळा सुरू झाला असं समजायचं. मग जिन्यात बादल्या, नळ्या आणि ओल्या खसेचा वास. शेजारच्या बाई दरवर्षी न चुकता विचारतात, "मॅडम, तुम्ही कूलर का नाही लावत? एवढ्या उन्हात राहता तरी कशा?" मी सांगते, सवय आहे. त्यांना वाटतं मी चिकट आहे. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, एकटी राहते, आणि साधा कूलर घेववत नाही. वाटू दे.

खरं म्हणजे मला तो गारवा सहन होत नाही. कूलर थंडी कुठून आणत नाही. टाकीतलं पाणी खसेवर चढतं, कोरडी हवा ते उचलून नेते, आणि जाताना ते पाणी हवेतली उष्णता सोबत घेऊन जातं. आपल्या अंगाला लागतो तो पाणी निघून जाण्याचा गारवा. हे मी मुलींना फळ्यावर बाण काढून शिकवते. पण मी स्वतः ते फळ्यावरून शिकले नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका मे महिन्यात मी एका संत्र्याच्या बागेत पाय ठेवला, आणि अंगावर काटा आला. तो रागाचा होता. तो राग अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव नरखेड तालुक्यात. गाव वर, उंचावर; आमची वस्ती खाली, नदीच्या वळणावर. नकाशावर तिला नाला म्हणतात, आम्ही नदी म्हणायचो. बाबा आणि त्यांच्या बरोबरीच्या सगळ्यांनी दीक्षा घेतल्यावर वस्तीतले देव गेले, घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आली, पण गावातल्या विहिरीचा काठ काही आमच्या पायाखाली आला नाही. त्यामुळे आमचं पाणी म्हणजे नदी. पावसाळ्यात ती तांबडी वाहायची, हिवाळ्यात नितळ, आणि होळीनंतर वाहणं थांबलं की रेतीखाली उतरायची. तेव्हा रेतीत खड्डा करायचा. त्याला झिरा म्हणतात. थोडं थांबलं की तळाशी पाणी पाझरून जमतं, वाटीने भरायचं, गुंडात, म्हणजे घागरीत, ओतायचं. माझ्या लहानपणी झिरा गुडघाभर असायचा. मी वाकून हात घातला तरी पाणी लागायचं. जून उजाडेपर्यंत ते पाणी आम्हाला पुरायचं.

का पुरायचं, याचा विचार तेव्हा कोणी केला नाही. पुढे शिकले तेव्हा कळलं, की त्या काळात उन्हाळ्यात आमच्या सगळ्या शिवारात पाणी पिणारं जवळपास कोणी नसायचं. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटलेली. ज्वारी घरात. काळी जमीन भेगाळून उघडी पडलेली. दिसायला भकास, पण त्या भकासपणातच नदीचा जीव होता. वरच्या अंगाला संत्र्याचे दोन-चार बगीचे होते, ते मृग बहराचे. मृग बहर म्हणजे पाऊस पडला की फुलणारा. त्यासाठी झाडाला उन्हाळाभर ताण द्यायचा, पाणी तोडायचं. झाडं मे महिन्यात पानं मुडपून, अर्धी झडून, मुकाट उभी असायची. ती झाडं आमच्यासारखीच पावसाची वाट पाहायची.

मग विजेचे खांब आले.

खांब आले तेव्हा आम्हीसुद्धा नाचलो होतो. दिवे आमच्या वस्तीला आले नाहीत, पंप वर बगीच्यांना आले. बैलांची मोट गेली, विहिरीवर मोटार बसली, बटण दाबलं की दांडातून, म्हणजे बागेतल्या पाटातून, पाणी धावायला लागलं. आणि उन्हाळ्यात पाणी आहे म्हटल्यावर मृग बहर कशाला धरायचा? आंबिया बहर धरायचा. डिसेंबरात थोडा ताण, जानेवारीत पाणी, फेब्रुवारीत फुलं, आणि मग ते फळ सबंध उन्हाळा पाण्यावर पोसायचं, कारण ते येतं पुढच्या हिवाळ्यात. फळ चांगलं, भाव चांगला. एकाने धरला, दुसऱ्याने धरला, मग ज्याच्याकडे कापूस होता त्यानेही कलमं लावली. चार-पाच वर्षांत नदीचा वरचा सगळा काठ गर्द झाला.

हिरव्या रंगावर लोक इतकं प्रेम का करतात, मला समजत नाही. बसमधून जाताना बाया म्हणायच्या, डोळे निवले वं माय. पाहुणे यायचे, म्हणायचे, काय हिरवंगार गाव आहे तुमचं. कोणी विचारायचं नाही की मे महिन्यात, आभाळ कोरडं ठणठणीत असताना, लू वाहत असताना, ही हिरवाई कशावर उभी आहे. झाड पाणी पितं आणि साठवून ठेवतं, अशीच सगळ्यांची समजूत. ते ठेवत नाही. मुळाने ओढतं आणि पानाने सोडून देतं. हवा जितकी कोरडी, वारा जितका तापलेला, तितकं जास्त. जानेवारीत जे झाड थोडक्यात भागवतं, तेच मे महिन्यात अधाशासारखं ओढतं, आणि पालवी दाट असेल तर विचारूच नका. आमच्या डोक्यावरून रोज नदी उडून जात होती, आणि लोक खाली उभे राहून हिरवाईचं कौतुक करत होते.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले. एसटीतून उतरले तेव्हा ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. बाबा कन्हानकडच्या कोळसा खाणीत होते, दिवाळीला यायचे. घरी माय, दादा आणि वच्छला वहिनी. वहिनीचं लग्न आदल्या वर्षी झालेलं. ती उंच, दणकट, मोठ्याने हसणारी. डोक्यावर एकावर एक दोन गुंड आणि काखेत तिसरं घेऊन ती चढ चढायची, वर मलाच म्हणायची, "कॉलेजात खायले देत नाही का गा तुले? हवेनं उडून जाशीन." बाईमाणसाला ती मुद्दाम पुरुषांचं 'गा' म्हणायची आणि स्वतःच हसायची.

पण त्या वर्षी झिऱ्यावर हसू नव्हतं. पाऊस बऱ्यापैकी झाला होता, तरी झिरा वहिनीच्या डोक्याच्या वर खोल गेला होता. आत उतरायला रेतीतच पायऱ्या खणलेल्या. एक बाई आत, वाटीने भरणार, वरच्या बाया दोरीने बालटी ओढणार. भरायला इतका वेळ लागायचा की वर उभ्या असलेल्या बायांची भांडणं जुंपायची. माझा नंबर, तुझा नंबर. ज्या बाया एकमेकींच्या बाळंतपणात राबल्या होत्या, त्या झिंज्या धरायला उठल्या. एकीने दुसरीचं भरलेलं गुंड लाथेने पालथं केलं, तेव्हा ते पाणी रेतीत मुरताना सगळ्याजणी बघत राहिल्या. 

आणि एका सकाळी झिरा ढासळला. वहिनी आत होती.

मी काठावर दोरी धरून होते. आवाज असा काही झालाच नाही. फक्त एक 'फस्स' झालं, आणि जिथे खड्डा होता तिथे उतरती रेती होती, आणि तिच्यातून वहिनीचं डोकं आणि एक हात वर आलेला होता. गळ्यापर्यंत गेली होती ती. डोळे उघडे, तोंडात रेती. माय ओरडली नाही. ती पोटावर आडवी झाली आणि दोन्ही हातांनी उपसायला लागली. मग सगळ्याजणी. हातांनी, वाट्यांनी, गुंडाच्या काठांनी. उपसलं की वरून पुन्हा सरकायची. ज्या दोघी आदल्या दिवशी एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, त्या गुडघ्याला गुडघा लावून उपसत होत्या. छाती मोकळी झाली तेव्हा वहिनीने पहिला श्वास घेतला, आणि कंबरेखाली हात गेले तेव्हा ती जी किंचाळली, ते मला अजून ऐकू येतं. खालच्या बाजूने खडक सरकून तिच्या कमरेवर आणि मांडीवर बसला होता.

दादाने बैलगाडी जुंपली, तालुक्याला नेलं, तिथून नागपूरला. ती जगली. पाय वाचला. चाल गेली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण जसं बसायला हवं तसं बसणार नाही. तिला बाजेवर निजवून दादा घरी घेऊन आला तेव्हा वस्तीतल्या बाया भेटायला आल्या, आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मायने त्या दिवशी भाकरी केली नाही. पदर खोचला आणि मला म्हणाली, "चाल."

"कोठी?"

"पानी कोठी गेलं ते पाह्यले."

आम्ही नदीच्या पात्रातून वर चालत निघालो. पाय भाजत होते. रेती पांढरीफेक, डोळ्यांत सुया टोचाव्या तशी चमक. दोन्ही काठांवर बगीचे सुरू झाले, तरी पात्रात ओलीचा ठिपका नाही. गुणवंतरावांचा बगीचा पहिला आणि सगळ्यांत मोठा. हे गुणवंतराव गावातले शिकलेले बागायतदार, मॅट्रिक झालेले, बोलायला गोड. माय त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कापूस वेचायला गेलेली. काठ चढून आम्ही कुंपणातल्या फटीतून आत शिरलो.

आणि तो गारवा लागला. घामेजल्या मानेला, कानांमागे, पोटऱ्यांना. बाहेर लू आणि आत हे. मायचे खांदे नकळत खाली आले, तिने तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, "बरं वाटून राहिलं वं इथं." मी मात्र उभी थिजले. होस्टेलच्या वाचनालयात दाराला खसेची ताटी असायची, तिच्यावर पाणी मारलं की असंच गार व्हायचं, आणि आमच्या बाईंनी एकदा त्याच ताटीसमोर उभं करून सांगितलं होतं की हे गार कशाने होतं. मला एकदम दिसलं. इथे ताटी नव्हती, पानं होती. पाणी होतंच, ते आमच्या अंगावरूनच चाललं होतं, वाफ होऊन. वहिनी ज्याच्यासाठी खड्ड्यात उतरली होती, ते पाणी मला मानेला गार लागत होतं. 

गुणवंतराव टाक्याजवळ खाटेवर बसले होते. टाकं म्हणजे सिमेंटचा मोठा हौद. विहिरीचं पाणी पंपाने त्यात पडायचं आणि तिथून दांडाने झाडाच्या आळ्यांत जायचं.

"काहून आली वं?" ते मायला म्हणाले. "ऐकलं म्या, सूनबाईचं. लय वाईट झालं."

"गुणवंतभाऊ, मोटार बंद ठेवा," माय म्हणाली.

"काय?"

"पाऊस येईस्तोवर. नदीत पानी नाही राह्यलं. तुमी सारं ओढून राहिले."

ते हसले, पण वाईट हसले नाहीत. समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अवं, मी नदीतून कुठी घेतो? माह्या ईहिरीतून घेतो. माही ईहीर, माही जमीन. अन् घेतो ते काय खिशात घालतो का? झाडाले देतो. झाडाले दिलं म्हणजे जमिनीत गेलं. जमिनीतलं पानी खालीच येते, तुमच्याकडे. समजलं?"

"ते खाली येत नाही," मी म्हणाले. "ते वर जातं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "कॉलेजात शिकून राहिली ना तू?"

माझ्या झोळीत एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी होती, नागपुरात बर्डीवरच्या दुकानात साडीसोबत मिळालेली. मी ती रिकामी केली, उलटी करून पुसली, आणि टाक्याशेजारच्या झाडाच्या उन्हातल्या एका फांदीवर चढवून सुतळीने घट्ट बांधली. म्हणाले, "थांबा थोडं."

ते थांबले. त्यांना गंमत वाटत होती. माय जमिनीवर बसली. थोड्या वेळाने पिशवी आतून धुरकट झाली. मग थेंब धरले. मग थेंब एकमेकांत मिसळून ओघळायला लागले आणि पिशवीच्या कोपऱ्यात पाणी जमलं. मी सुतळी सोडली आणि ते पाणी मायच्या तळहातावर ओतलं. घोटभरसुद्धा नव्हतं.

"हे एवढंसं?" गुणवंतराव म्हणाले.

"ही एक फांदी झाली. बाकीची तुम्ही बघा."

त्यांनी मान वर करून बघितलं. आपल्या बागेकडे, ओळींमागच्या ओळींकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची गंमत गेली. माझी खात्री आहे, त्यांना कळलं. त्या क्षणी त्यांना पुरतं कळलं.

"मंग काय, झाडं कापू?" ते म्हणाले. "निंबाएवढी फळं झाली. आता पानी तोडलं तर सारी गळतीन. तुम्ही असं करा, रोज या. माहा गडी टाक्यातून तुमच्या गुंडात पानी वतून देईन. मी काय नाही म्हनतो का?"

हा प्रस्ताव ऐकायला किती चांगला होता! वरून गडी ओतणार, खाली आमच्या बायांनी भांडी धरायची, त्याचं भांडं आमच्या भांड्याला लागणार नाही. मायच्या आईने असंच पाणी घेतलं होतं, आणि तिच्या आईने.

माय उठली. "वतून नको," एवढंच म्हणाली, आणि आम्ही आल्या वाटेने परतलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुपारचं वादळ आलं. पाऊस नावालाही नाही, नुसती धूळ आणि वारा. घरांवरची कवेलू उडाली, बाभळी आडव्या झाल्या, आणि विजेचे खांब शिवारभर लोळले. पंप बंद पडले. खांब उभे करायला कोणी लवकर आलं नाही. आमच्या वस्तीला त्याचं काय? आम्हाला वीज नव्हतीच.

मग ते झालं, जे मी कधी विसरणार नाही. नवा झिरा आम्ही जरा वरच्या अंगाला खणला होता, रुंद, उतरता, पुन्हा कोणी पुरलं जाऊ नये असा. पंप बंद पडल्यावर त्याच्या तळाशी रोज थोडं जास्त पाणी दिसायला लागलं. आधी वाटी बुडेना, मग बुडाली, मग गुंड तिरपं करता आलं. आभाळातून थेंब न पडता नदी रेतीखालून वर येत होती. आणि तिकडे बागांची पानं मुडपायला लागली होती, बारीक हिरवी फळं खाली टपटपत होती. दोन्ही एकाच वेळी. आता कोणाला पिशवी बांधून दाखवायची गरज नव्हती.

गावात उठलं की आमच्या पोरांनी खांब पाडले. सगळ्यांनी वादळ डोळ्यांनी पाहिलं होतं तरी उठलं. पोलीस येऊन दादाला घेऊन गेले, दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. तो परत आला तेव्हा त्याच्या गालावर बोटं उमटलेली होती. कोणाची, हे त्याने सांगितलं नाही.

गुणवंतराव स्वतः नदीत आले. एकटेच. आमच्या झिऱ्याच्या काठावर उभे राहिले आणि भरलेलं पाणी बघत राहिले. बराच वेळ. मी तिथेच होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. मी वीस वर्षांची नव्हते अजून, आणि मला वाटायचं की माणसं चुकीचं वागतात ती न कळल्यामुळे. दाखवलं की बदलतात. पुस्तकांनी मला हेच शिकवलं होतं.

ते काही न बोलता गेले, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याहून डिझेलचं इंजिन आणून विहिरीवर बसवलं. त्याचा ठकठक आवाज आमच्या वस्तीपर्यंत यायचा. बाकीच्यांनीही मग इंजिनं आणली. झिऱ्यातलं पाणी उतरायला लागलं. आम्ही काठावर बसून ते उतरताना बघितलं.

माझा राग तिथला आहे. न कळणाऱ्यावर रागवता येत नाही. हा माणूस बघून गेला होता.

इंजिन सुरू झाल्यावर माय सगळ्या बायांना घेऊन निघाली. भर दिवसा, पात्रातून नाही, गावाच्या रस्त्याने. मी सोबत होते. गावातले लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते. बगीच्याचं फाटक उघडून आम्ही आत गेलो, सरळ टाक्यावर. गडी आडवा आला. माय त्याच्या बाजूने गेली आणि तिने आपलं गुंड स्वतःच्या हाताने टाक्यात बुडवलं. गळ्यापर्यंत, हात कोपरापर्यंत ओला करून. मग दुसरीने, तिसरीने.

"बाटवलं वं टाकं!" कोणीतरी कुंपणापलीकडून ओरडलं.

गुणवंतराव धावत आले. "हे काय लावलं? पोलीस बोलावीन मी!"

"बोलवा," माय म्हणाली. भरलेलं गुंड तिने काठावर ठेवलं. "ईहीर तुमची असन, भाऊ. पानी आमचं हाय. आमच्या खालून ओढलं म्हणून आमी वर आलो. टाकं बाटलं असन तं वतून द्या सारं. झाडाले नोका देऊ."

ते टाक्याकडे बघत राहिले. ते पाणी सोडून द्यावं, तर त्या दिवसाची बाग कोरडी. गडी त्यांच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी त्यांनी पाठ फिरवली. दांड सुरूच राहिला.

पाऊस येईपर्यंत आम्ही रोज गेलो. रोज शिव्या खाल्ल्या. एकदा टाक्यात मेलेला कावळा टाकलेला सापडला. मायने तो शेपटीला धरून बाहेर काढला, बाजूला पुरला, पाणी उपसलं, आणि नवं पडेपर्यंत तिथेच बसून राहिली. पावसाळा लागला तेव्हा वस्तीतल्या एकाही बाईला निंदणाला कोणी बोलावलं नाही. सबंध हंगाम. बाया दूरच्या गावांना पायी जायच्या. काहीजणींनी मायला बोल लावला, की तुझ्या सुनेचं झालं ते झालं, आमच्या पोटावर का आणलंस. मायने ते ऐकून घेतलं. ती बदलली नाही, पण त्या वर्षापासून ती कमी बोलायला लागली.

मी इथे थांबले असते तर हा लेख सोपा झाला असता. आम्ही खालचे, ते वरचे. पण काही वर्षांनी सरकारी वाटपात दादाला जमीन मिळाली, नदीच्याच काठाला, वस्तीच्याही वरच्या अंगाला. जुनी विहीर असलेली. आणि दादाने पहिल्या पावसात तिथे संत्र्याची कलमं लावली.

मी सुट्टीत गेले तेव्हा घरात वणवा पेटलेला. माय म्हणत होती, उपट. दादा म्हणत होता, "त्याईनं खाल्लं तेव्हा चाललं, आता आमी लावलं तं नदी आठवली? जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मरू का?" मी मायच्या बाजूने तोंड उघडलं तर माझ्यावर आला, "तुले नळाचं पानी भेटते नागपुरात. तू बोलू नोको." ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

मला वाटलं, वहिनी तरी मायची बाजू घेईल. ती दाराशी पाट घेऊन बसली होती, वाकडा पाय लांब करून. ती म्हणाली, "मले बाग पायजे."

माय तिच्याकडे वळली.

"मले चालनं होत नाही. निंदाले वाकनं होत नाही. बागीत बसून काम करता येते," वहिनी म्हणाली. मग दादाकडे वळली. "पन मृगाचा बहर धराचा. उन्हाळ्यात मोटार चालू नाही कराची. नाही तं मी सोताच उपटतो."

ती बाग मोठी झाली. पहिला बहर धरायचं वर्ष आलं, उन्हाळाभर ताण दिला, आणि नेमकं त्या वर्षी मृग कोरडा गेला. मी तेव्हा तिथे होते. झाडांची पानं दुमडून सुरळ्या झालेल्या, फांद्या उघड्या, जमीन तापून तडकलेली. सावली म्हणावी तर तीही विरळ. दादा रोज आभाळ बघायचा आणि रोज विहिरीशी जाऊन यायचा. विहिरीत पाणी होतं. एका सकाळी त्याने ठरवलंच. आम्ही मागे धावलो तर वहिनी आधीच तिथे होती, मोटारीच्या खोपीच्या दारात, उंबऱ्यावर बसलेली.

"हो बाजूले," दादा म्हणाला.

"नाही होत."

"झाडं मरून राहिली वच्छला! दिसत नाही का तुले?"

"नाही मरत," ती म्हणाली. "मी नाही मेली."

दादा तिला उचलून बाजूला करू शकला असता. तो उभा राहिला, मग तिच्याकडे पाठ करून खाली बसला. दोघं तशीच बसली, ऊन डोक्यावर येऊन कलेपर्यंत. मायने कोणाला जेवायला बोलावलं नाही.

पाऊस आला तो फार उशिरा. फुलं आली, पण तुरळक. काही झाडं खरंच वाळली, ती दादाने कुऱ्हाडीने तोडली आणि प्रत्येक घाव वहिनीला ऐकू जाईल असा घातला. पूर्ण पावसाळा दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. हिवाळ्यात वरच्या बगीच्यांत फळांनी फांद्या टेकल्या होत्या, तिथे ट्रक लागत होते. दादाच्या बागेत होळीच्या सुमाराला जे आलं, ते एका बैलगाडीत मावलं. बाजाराच्या दिवशी सकाळी गाडी निघाली. दादा बैलांच्या पुढे कासरा धरून चालत होता, मान खाली. वहिनी मागे बसली होती, संत्र्यांच्या ढिगावर, एका हाताने दांडी धरून. तिला हिशेबाला जायचंच होतं, आणि तेवढं चालणं तिला होत नव्हतं.